सावलीत वाढलेले डोळे

आमच्या घरात सावलीला फार मान होता. चामोर्शी रस्त्यावरच्या आमच्या गावात बाकीच्यांना सावली मिळायची ती दुपारची भाकर खाऊन झाल्यावर, घटकाभर, बांधाच्या कडेला. मला मात्र ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमून दिलेली होती. बाबा तहसील कचेरीत चपराशी होते, रोज सायकलने चामोर्शीला जायचे. त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, सगळे दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवत आणि कापत उन्हात गेलेले. लग्नापर्यंत बाबांनीही तेच केलं. कचेरीत लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं की माणूस दिवसभर छपराखाली बसूनही पगार घेऊ शकतो, आणि ही गोष्ट त्यांच्या मनाने इतकी घट्ट धरली की शिक्षण आणि सावली यांत त्यांना काही फरकच दिसेना. "साहेबाची पोट्टी कधी उन्हात दिसली का तुमाले?" असं ते शेजाऱ्यांना विचारायचे. शेजाऱ्यांनी साहेबाची पोट्टी सावलीतही पाहिलेली नव्हती, त्यामुळे कोणी वाद घालत नसे.

घर दोन खोल्यांचं, कवेलूंचं म्हणजे कौलारू. बाहेरच्या खोलीत चूल, पाण्याचे माठ, बाबांची सायकल आणि बुद्धाची तसबीर. आतली खोली माझी. तिला रस्त्याच्या बाजूला एक खिडकी होती, पण बाहेर पोरं विटीदांडू खेळायची आणि माझं लक्ष जायचं, म्हणून बाबांनी ती पत्रा ठोकून बंद करून टाकली. उजेडासाठी छपरात एक काचेचं कवेलू बसवलं होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा. सकाळी तो भिंतीवर असायचा, मग जमिनीवर उतरायचा आणि दुपार कलली की कोपऱ्यातल्या धान्याच्या कोठीवर चढायचा. शाळा नसेल त्या दिवशी त्या चौकोनामागून मीही चटई ओढत सरकत राहायचे. चौकोन कोठीवर गेला की पुस्तक आणखी जवळ घ्यायचं, आणि वीज असेल तर पिवळा बल्ब लागेपर्यंत तसंच वाचत राहायचं. बाहेर धानगिरणीची धडधड, एसटीचा हॉर्न, कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं, आणि या सगळ्यांच्या वर माझा धाकटा भाऊ अशोक याचा आवाज. बाबांनी त्यालाही काही दिवस खोलीत बसवून पाहिलं होतं. तो लघवीच्या निमित्ताने बाहेर जायचा तो जेवायलाच परत यायचा. शेवटी बाबांनी त्याचा नाद सोडला आणि सगळी आशा माझ्यावर लावली.

आई पहाटे उठून भात रांधायची. अंबाडीची भाजी किंवा सुक्या झिंग्यांची चटणी करायची, आमच्या ताटल्या झाकून ठेवायची आणि दुसऱ्यांच्या बांधीत कामाला जायची. माझ्यावर पाणी भरायचं काम नाही, सरपण आणायचं नाही, शेण नाही. आईला एकटीला सगळं उरकावं लागे, आणि वस्तीतल्या बाया तिला ऐकवायच्या, "तुह्या घरी राणी आहे वं, दासी तूच." आई हसून सोडून द्यायची. मला त्या बायांचा राग यायचा, पण राणीपण सोडावं असं काही वाटायचं नाही. खोटं कशाला सांगू, मला ती खोली आवडायची. पुस्तकं आवडायची. बाबा कचेरीतून एका बाजूने कोरे असलेले कागद आणायचे, त्यांवर मी बारीक अक्षरात लिहायची, इतक्या बारीक की एका पानावर अख्खा धडा मावायचा. पुस्तक तर मी नाकाला लावूनच वाचायची. पाहुणे आले की बाबा हळूच खोलीचं दार उघडून त्यांना दाखवायचे. "पाहा, कशी पुस्तकात घुसून राह्यली. आवाज द्या, ऐकू पन नाई जानार." पाहुणे माना डोलवायचे. माझं डोकं जितकं पुस्तकाजवळ, तितकी मी हुशार, अशी आमच्या घरातली मोजणी होती. शाळेतही पहिला नंबर असल्यामुळे मी पहिल्या रांगेत, फळ्याच्या पुढ्यात बसायची. फळा दिसायचा. मग कुणाला काय कळणार, आणि मला तरी काय कळणार?

लांबचं जग सगळ्यांनाच तसं विरघळलेलं दिसतं, असंच मी समजत होते. रस्त्याने येणारं माणूस मी लुगड्याच्या रंगावरून नाहीतर चालीवरून ओळखायची, आणि नवं लुगडं नेसलेली बाई मला ओळखूच यायची नाही. विहाराकडे जाताना समोरून काकू यायच्या, त्यांना जयभीम करायचा राहून जायचा, आणि संध्याकाळी घरी तक्रार. "चपराशाची पोरगी ना, सातवीत गेली तं रस्त्यानं मान वर करून चालते. मोठ्यायले जयभीम पन घालत नाई." बाबा मला रागवायचे, मी उद्यापासून घालीन म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी चुकून शेजारच्या गुराख्यालाच काका समजून वाकून जयभीम घालायची. त्यावर अशोक दोन दिवस हसत राहायचा.

आता माझा नातू नागपुरात आहे. त्याला दुसरीतच चष्मा लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी सुनेला सांगितलं की मुलाला रोज दिवसाउजेडी मोकळ्यावर खेळू द्या, नुसतं घरात बसवून जवळचंच पाहायला लावू नका. आलेला नंबर त्याने जाणार नाही, पण नंबराची वाढ मंदावायला मदत होऊ शकते. सुनेने तो बाहेरचा वेळही शिकवण्यांच्या वेळापत्रकात बसवला आहे, चित्रकला आणि इंग्रजी यांच्या मध्ये. मी ऐकत होते आणि मला बाबांचा चेहरा आठवत होता. ऊन हेही कधी डॉक्टरने लिहून द्यायचं औषध होईल, हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं असतं. मला डॉक्टरी कळत नाही. पण अशोक आणि मी एकाच आईबापांची लेकरं, एकाच चुलीवरचं जेवलेली. त्याला साठीपर्यंत लांबचा चष्मा लागला नाही आणि मला बाराव्या-तेराव्या वर्षीच लागला. फरक काय तो त्या खोलीचा. डॉक्टरीण बाई म्हणतात इतकं सोपं नसतं ते. नसेल.

गावात शाळा सातवीपर्यंत. चामोर्शीला हायस्कूल होतं, पण मुलीने रोज सायकल मारत जायचं म्हणजे पुन्हा ऊन आलं, आणि बाबांना ते मान्य नव्हतं. त्यांनी चंद्रपूरच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करून ठेवली होती. तिथे जागा मिळाली की आठवी, नाही मिळाली तर आईबरोबर कामाला, असा सरळ हिशोब होता. आईला वसतिगृह पसंत नव्हतं. का ते ती सांगत नसे. "सातवी झाली ना, पुष्कळ झालं," एवढंच म्हणायची आणि चुलीत लाकूड सारायची. त्यावरून घरात दोघांची धुसफूस चाललेली असतानाच माझी सातवीची परीक्षा आटोपली, आणि एटापल्लीकडून मावशीचा निरोप आला की अंगात ताप आहे आणि मोहाची फुलं अजून पडतातच आहेत, वेचायला हात कमी पडतात.

मावशी आईची थोरली बहीण. एटापल्लीच्या पुढे, बस जिथे संपायची तिथून बरंच पायी गेल्यावर तिचं गाव. बौद्धांची घरं अगदी थोडी, बाकी सगळे माडिया आदिवासी. आई आम्हा दोघांना घेऊन निघाली. बाबांनी मला पुस्तकं बांधून दिली आणि बजावलं, "मावशीच्या घरीच बसजो. जंगलात काई काम नाई तुहं." मावशीने ते गाठोडं पाहिलं आणि कोपऱ्यात सरकवून ठेवलं. "इथी दिवसा घरात कोन बसते वं? कुत्रं पन नाई बसत," ती म्हणाली. तिचा ताप उतरला होता, पण सर्दीने घसा पार बसला होता, बोलली की नुसती हवा यायची. दुसऱ्या दिवसापासून मी टोपली घेऊन सगळ्यांबरोबर निघाले. कधी नव्हे ते मोकळ्यावर. मला ते इतकं आवडलं की बाबांची आठवण झाली तरी आवडायचं थांबलं नाही.

मोहाची झाडं ज्याची त्याची ठरलेली असतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून जमीन काळी स्वच्छ केलेली, म्हणजे पडलेलं फूल नीट दिसावं. उजाडायच्या बेतात जायचं, कारण फुलं पहाटे पडतात आणि ऊन चढलं की गुरं येतात. माणसांच्याही आधी तिथे अस्वल येऊन गेलेलं असायचं, त्यालाही मोह माणसाइतकाच प्रिय. म्हणून वाटेने मोठ्याने बोलत, डबा वाजवत जायचं, आणि वेचताना एकमेकींना हाक देत राहायची. हाकेला ओ आली नाही तर पुढे जायचं नाही. हे सगळं मावशीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्या बसलेल्या घशाने. वेचण्यात मी चांगली निघाले. फूल जवळून बघायचं काम, त्यात मला कोण हरवणार? माझ्या टोपलीत काडी नाही, माती नाही. मावशी आईला म्हणाली, "पोरगी कामाची आहे वं, उगाच कोंडून ठेवली." आईला बरं वाटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. चेहरा जवळ होता म्हणून दिसलं.

त्या सकाळी गारवा होता आणि मावशीने डोक्यावरून काळी घोंगडी घेतली होती. तिची दोन झाडं, एक अलीकडे आणि एक जरा पलीकडे. आई आणि अशोक अलीकडच्या झाडाखाली माझ्याबरोबर होते, मावशी पलीकडच्या झाडाकडे गेली. माझी टोपली भरली. ती मावशीच्या मोठ्या टोपलीत ओतायची, म्हणून मी उचलली आणि निघाले. पलीकडच्या झाडाखाली मावशी वाकून वेचत होती, काळी घोंगडी पांघरून. मी म्हटलं, "मावशी, टोपली भरली. कुठी ओतू?" मावशी बोलली नाही. घसा बसलेला, तिच्याकडून उत्तराची अपेक्षा मी सोडूनच दिली होती. नाक ओढल्यासारखा मोठा आवाज मात्र आला. मला वाटलं सर्दी वाढली. मी आणखी जवळ गेले. "बरं नाई तं घरी जाय ना. मी वेचते दोन्ही झाडं." तेव्हा वास आला. ओल्या कांबळ्याचा असावा तसा, पण फार उग्र. घोंगडीने तोंड वर केलं आणि ते मावशीचं तोंड नव्हतं.

मागून अशोकचा आवाज आला, अगदी साधा, जणू काही बातमी सांगतोय असा. "आई, ताई अस्वलाशी बोलून राह्यली." मग आई ओरडली. तशी ओरडताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मावशी बाजूच्या झुडुपांपलीकडून डबा बडवत आली, घोंगडी तिच्या खांद्यावरच होती. आजूबाजूच्या झाडांखालच्या बाया, गडी, सगळे आरडाओरडा करत धावले. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, खाली उतरून डुलत डुलत नाल्याकडे निघून गेलं. त्या भागात अस्वलाने तोंड फोडलेली माणसं मी नंतर पाहिली आहेत, त्यामुळे या गोष्टीवर मला फारसं हसू येत नाही. माझी टोपली तशीच हातात होती. एक फूल सांडलं नव्हतं.

मावशीच्या अंगणात सगळे गोळा झाले. कुणी पाणी दिलं, कुणी विचारलं की पोरीला वेड आहे का. अशोक पुन्हा पुन्हा सांगत होता की त्याला लांबूनच अस्वल दिसलं होतं. मावशीने माझी हनुवटी धरली आणि समोरच्या झाडाकडे वळवली. "त्या झाडावर काय आहे सांग." मी म्हटलं, पानं. "पानाच्या मधात?" मी म्हटलं, अंधार. तिथे वानरांची अख्खी टोळी बसलेली होती, शेपट्या खाली सोडून. "आन तिकडं कोन येऊन राह्यलं?" मला रस्ताच दिसत होता, रस्त्यावरचं माणूस नाही. आई माझ्यासमोर येऊन बसली, तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "तुले दुरून मी दिसते का?" "लुगडं दिसते," मी म्हटलं. त्यावर ती एकदम रडायला लागली, आणि रडता रडता थोडी हसलीही. मावशीला वाटलं भीतीने होतंय. मलाही तसंच वाटलं.

घरी परतल्यावर आईने बाबांना सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "पुस्तकानं डोये खाल्ले तिचे. आता बस. चंद्रपूर नाई आन काई नाई. उरलेसुरले डोये पन जातीन. मंग कोन करन लग्न तिच्याशी?" बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीच्या खिडकीचा पत्रा उखडून काढला. खिळे निघताना लाकूडही फाटलं, पण ते थांबले नाहीत. मला मात्र वाटत होतं की खिडकी उघडली आणि शाळा बंद झाली. मी आतल्या आत फार घाबरले होते, अस्वलाच्या वेळी वाटली त्याहून जास्त भीती वाटत होती.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या जुन्या तलावातला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम निघालं. बाया तळातून मातीच्या टोपल्या भरून पाळीवर, तलावाच्या बांधावर, आणून टाकायच्या. आई कामाला लागली आणि दुपारी तिच्यासाठी आंबील घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. मी पाळीवरच्या जांभळीखाली उभी राहून हाक मारायची, आणि खाली हलणाऱ्या ठिपक्यांमधून एक ठिपका निघून वर यायचा. जवळ येईपर्यंत त्याची आई झालेली असायची, तोंड पुसलेली, पदर सारखा केलेली. "दमली का?" विचारलं की म्हणायची, "नाई वं. काम हलकंच आहे." आणि एक दिवस आंबील पिता पिता, मुकादमाशी बोलून ठेवलंय, असंही सांगून टाकलं. पुढच्या वर्षी काम निघालं तर माझंही नाव लागणार होतं. "घरी बसून तरी काय करशीन?"

बाबांनी सुट्टी काढली आणि मला चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्क होते, रांग मोठी होती. त्यांनी काचा बदलून बदलून मला अक्षरं वाचायला लावली आणि अडीचचा नंबर काढला. बाबा खुर्ची असूनही उभेच होते. "साहेब, वाचल्यानं झालं का हे?" डॉक्टर लिहीत लिहीत म्हणाले, "ते तसं नक्की सांगता येत नाही. पण मुलगी बाहेर खेळते का? की दिवसभर घरातच?" "घरातच." "कशाला कोंडता? पोरांना जरा उन्हात, मोकळ्यावर सोडावं." बाबा म्हणाले, "साहेब, आमच्या घरची सगळी उन्हातच होती. हिलेच एकटीले सावलीत ठेवलं." डॉक्टरांनी लिहिणं थांबवून बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, मुद्दाम हळू आवाजात, म्हणाले की पुस्तक बंद केल्याने नंबर जाणार नाही, चष्मा लाव, वाच, आणि वाचून झालं की बाहेर जा. बाबांनी तो कागद घडी न घालता हातात धरून दुकानापर्यंत नेला.

चष्मा तयार व्हायला वेळ लागला, बाबांना पुन्हा एकदा जावं लागलं. जाड तपकिरी फ्रेमचा तो चष्मा त्यांनी संध्याकाळी मला घातला. अशोकने मला मास्तरीण म्हटलं. आईने एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. चष्मा आला म्हणजे दोष सगळ्या गावासमोर आला, असं तिला वाटलं असावं. वसतिगृहाचा अर्ज अजून भरलेला नव्हता. बाबा म्हणाले, "तुह्या मायच्या मनाविरुद्ध नाई पाठवनार मी. एक डाव माह्या मनानं केलं, पाहिलं काय झालं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंबील घेऊन तलावावर गेले. जांभळीखाली उभी राहिले आणि हाक मारायची विसरले. खाली ठिपके नव्हते. बाया होत्या, प्रत्येकीला आपलं तोंड होतं. आई चढणीच्या मध्यावर होती. डोक्यावर टोपली, मातीचं पाणी कानामागून मानेवर ओघळलेलं. ती थांबली, एक हात टोपलीला आणि एक गुडघ्यावर, आणि तशीच उभी राहिली. छत्रीखाली बसलेला मुकादम तिला काहीतरी बोलला. शब्द ऐकू आले नाहीत, पण आजूबाजूची माणसं हसली, आणि आईही हसली. ते हसणं मी घरात कधी पाहिलं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही. मग ती पुन्हा चढायला लागली. टोपली रिकामी केली, जांभळीकडे पाहिलं, मी दिसले, आणि लगेच पाठ वळवून तिने तोंड पुसलं, पदर सारखा केला, आणि माझ्या ओळखीची होऊन माझ्याकडे आली.

"आज काम हलकंच आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, मले दिसलं." "काय दिसलं?" "गुडघा. मुकादम बोलला ते." आई खाली बसली. आंबिलीचं भांडं तिने घेतलं, पण प्यायली नाही. मग तिने विचारलं, "इथून? इतक्या दुरून?" "हो." "एवढ्या बायांत मी कोनती ते समजलं?" "तोंडावरून समजलं." तिने माझा चष्मा काढला, स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला, डोळे मिचकावले आणि परत माझ्या नाकावर ठेवला, वाकडा.

"तू शाळेतून येत होती ना," ती म्हणाली, "मी बांधीतून हात करत होती तुले. दरसाल, रोवण्याच्या टायमाले. संगच्या बायायले म्हनो, पाहा, माही पोरगी चालली. तू पाहातच नव्हती. सरळ निघून जात होती. बाया हासत. मले वाटे, शिकून राह्यली तं आता लाजते. माय चिखलात, तिले कोन ओळख देईन? मंग मी हात करनंच सोडलं." ती जमिनीकडे पाहून बोलत होती. "म्हनून मले चंद्रपूर नको होतं. इथी असून वळख देत नाई, तिथी जाऊन तं विसरूनच जाईन. त्या अस्वलानं मले सांगतलं, पोरीले दिसतच नव्हतं म्हनून." इतकी वर्षं ती माझ्यावर रुसून होती आणि रोज पहाटे उठून माझी ताटली झाकून ठेवत होती. मी तिचा हात धरला. तो मातीने खरखरीत झाला होता. तिने तो सोडवून घेतला आणि आंबील प्यायली.

"बाबाले सांग, नाव टाका म्हना तिथी," भांडं खाली ठेवून ती म्हणाली. "आन डोये?" मी विचारलं. "डोयाले चष्मा आहे. पर तिथी खोलीत दडून राह्यजो नको. सांजच्याले पोट्ट्यायसंगं बाहेर खेयत जाजो." आणि मुकादमाने हाक मारली तशी ती उठून खाली गेली. मी घरी न जाता जांभळीखालीच उभी राहिले. ती पुन्हा चढणीवर आली, पुन्हा गुडघ्यावर हात ठेवून थांबली. या वेळी तिने तोंड लपवलं नाही.

वसतिगृहात जागा मिळाली. मी निघाले त्या दिवशी पाऊस लांबलेला होता आणि तलावाचं काम चालूच होतं. आई बसपर्यंत आली नाही, एक दिवसाची मजुरी गेली असती. "बस तलावावरूनच जाते," ती सकाळी म्हणाली, "तवा पाहाजो." बाबा माझी पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. मी खिडकी आधीच पकडून ठेवली होती. तलाव आला. पाळीवर बायांची रांग चढत होती, सगळ्यांच्या डोक्यांवर टोपल्या, सगळ्या मातीच्याच रंगाच्या. एकीने रांगेतून बाजूला होऊन टोपली खाली ठेवली. मुकादम उठून उभा राहिला, बहुतेक ओरडलाच असेल. तिने तिकडे लक्ष दिलं नाही आणि हात वर केला. मी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, बाबा मागून माझा फ्रॉक धरून ओढत होते तरी.